नावांचा रकाना

निकुंभ मॅडम कुठलाही शब्द समजावून देण्याआधी एका माणसाचं नाव आणि गाव सांगायच्या. फळ्यावर इंग्रजीत ‘कॅशे’ लिहिलेलं असायचं, बाकांवर वीस-बावीस मोठी माणसं वह्या उघडून बसलेली असायची आणि मॅडम कानावरचा न दिसणारा हेडफोन सावरावा तसा हात नेऊन म्हणायच्या, “पेठहून सुमन भोये बोलतायत.” मग क्षणभर थांबायच्या. मग सुमनबाईंचं वाक्य, त्यांच्याच बोलीत: “चुलीपाशी लागंल तेवढं मीठ-मिरची डब्यात काढून ठेवते. दर टायमाला आतल्या खोलीत कोण जाईल?” आणि शेवटी स्वतःचं: “फोनही हेच करतो. पुन्हा पुन्हा लागणारं जवळ काढून ठेवतो. त्या डब्याला म्हणायचं कॅशे. चला, आता इंग्रजीत सांगा.”

सुमनबाई क्लास सोडून गेल्याला दोन वर्षं झाली तरी तो डबा सुमनबाईंचाच राहिला.

नव्या बॅचला पहिल्या दिवशी हसू यायचं. मॅडमना त्याचं काही नव्हतं. त्यांची सगळी नोकरी नाशिकच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली होती, ट्रंक कॉल जोडून देण्यात. निवृत्तीनंतर त्या आमच्या क्लासला इंग्रजी शिकवायला आल्या. रविवार कारंजाजवळ, एका भांड्यांच्या दुकानाच्या वर आमचा क्लास होता. मोठ्यांसाठी इंग्रजी आणि कॉम्प्युटर. कॉम्प्युटर मी शिकवायचो, म्हणजे कुठलं बटण दाबलं की काय होतं ते. पण बटणावरचा शब्दच कळत नाही, अशी आमची माणसं होती: कारखान्यातले कामगार, अंगणवाडी सेविका, कांद्याचे व्यापारी, मुलांच्या शाळेचे मेसेज वाचता यावेत म्हणून आलेल्या आया. ‘अलाउ’ का ‘डिनाय’ असं फोननं विचारलं की त्यांचे अंगठे हवेत थांबायचे. त्या थांबलेल्या अंगठ्यासाठी मॅडम शिकवायच्या.

“अर्थ नको सांगू,” त्या म्हणायच्या. “अर्थ डिक्शनरीत पडलाय. तुझ्या घरात हे काम कोण करतं, ते सांग.”

मग वर्ग विचारात पडायचा आणि कुठून तरी उत्तर यायचं. बँडविड्थ चांदवडच्या भाऊसाहेबांनी सोडवली. “ट्रॅक्टर किती का येईना, मॅडम, मार्केटचं गेट केवढं हाय त्याच्यावर हाय सगळं. गेट अरुंद, की लाइन थेट हायवेला.” कुकी पंचवटीच्या मंदार दीक्षितची. त्याच्या घरी यात्रेकरूंच्या वह्या, आडनाव आणि गाव सांगितलं की पणजोबांपर्यंत नावं वाचून दाखवणारं घर. तो म्हणाला, “मॅडम, कुकी म्हणजे आमची वहीच की.” मॅडम म्हणाल्या, “जवळ आलास. पण वही तुझ्या कपाटात असते. इथे तू यजमानाच्या खिशातच चिठ्ठी घालून देतोस. पुढच्या खेपेला तो आला की खिशातली चिठ्ठी काढून वाचतोस आणि म्हणतोस, या या, ओळखलं.” मंदार इतका खूश झाला की त्यानं दुसऱ्या दिवशी पेढे आणले.

हे सगळं मॅडम वहीत उतरवायच्या. लांब, पुठ्ठ्याच्या हिशेबी वह्या. डावीकडे शब्द, मधे स्पष्टीकरण आणि उजवीकडे एक वेगळा रकाना आखलेला: नाव, गाव. तो रकाना कधी रिकामा नसायचा. स्वतःला सुचलेलं काही असलं तरी तिथे स्वतःचं नाव लिहायच्या नाहीत. ते ऐकून पहिल्यांदा मान डोलावणाऱ्याचं लिहायच्या.

मी एकदा विचारलं, “कशाला एवढं? शब्द कळल्याशी मतलब.”

“अरे, एक्स्चेंजमध्ये पहिल्या दिवशी काय शिकवलं आम्हाला? कॉल कुठून आलाय ते सांगितल्याशिवाय जोडायचा नाही. सटाण्याहून आहे, मालेगावहून आहे, अमक्याचा आहे. मग लाइन द्यायची आणि आपण बाजूला व्हायचं. नाव न सांगता कॉल जोडला तर पलीकडचा माणूस दचकतो रे.”

त्या मूळच्या सटाण्याच्या. एरवी शुद्ध बोलायच्या, पण फार आनंद झाला किंवा फार लागलं की अहिराणी वर यायची. मी ती दोनदा ऐकली. एकदा मंदारच्या पेढ्यांच्या वेळी. दुसरी वेळ आता सांगायची आहे, आणि तीच सांगण्यासाठी हे लिहायला बसलोय.

मॅडमना मराठी टाइप करता यायचं नाही. त्यांनी वह्या माझ्याकडे दिल्या. “शिरीष, तुझ्या सवडीनं कर. आणि नावं गाळू नकोस हं.”

मी दोन महिने टाइप करत होतो. तक्ता मोबाइलच्या पडद्यावर मावेना. तीन रकाने बसत नव्हते, उजवीकडचा सारखा तुटून खाली घसरायचा. मी तो काढून टाकला. त्या दिवशी माझ्या मनात खरंच काही वाईट नव्हतं. नंतर खाली एकत्र यादी देऊ, असं ठरवलं होतं. मग ते इंटरनेटवर माझ्या स्वतःच्या पानावर चढवलं, कारण क्लासचं पान नव्हतं. वर आपोआप माझं नाव आणि फोटो आला. मॅडमचं नाव शेवटी टाकायचं होतं. यादीबरोबर.

चौथ्या दिवशी कोणीतरी खाली लिहिलं: ‘सर, आयुष्यात पहिल्यांदा कुकी म्हणजे काय ते कळलं. तुम्हाला नमस्कार.’

मी तोवर बेचाळीस वर्षांचा झालो होतो आणि माझं नाव घेऊन कोणी असं कधी बोललं नव्हतं. घरी मी कमी बोलणारा, क्लासमध्ये बटणं दाखवणारा. मी ते वाक्य किती वेळा वाचलं असेल ते सांगायची लाज वाटते. मग दुसरं आलं, तिसरं आलं. प्रत्येकाला मी उत्तर दिलं, ‘धन्यवाद.’ त्या ‘धन्यवाद’नंतर यादी टाकणं अवघड झालं. मॅडमना मी फाइल छापून दिली, शिलाई केलेली, तीन रकान्यांची, नावांसकट. त्या खूश झाल्या. पानाचं त्यांना सांगितलं नाही.

अशी दोन वर्षं गेली. मग क्लासचे मालक बोरस्ते सरांनी एका मोठ्या संस्थेशी बोलणी सुरू केली. संस्थेनं शिक्षकांचं साहित्य मागवलं. मॅडमनी वह्यांमध्ये भर घालून, एका विद्यार्थिनीकडून नव्यानं टाइप करून दिलं, आपल्या नावानं. संस्थेकडे नक्कल पकडणारी यंत्रणा होती. अहवाल आला तो पानामागून पान लाल. मूळ कुठलं, तर माझं पान. तारीख दोन वर्षांपूर्वीची.

बोरस्ते सरांच्या केबिनमध्ये तिघंच होतो. सर वाईट माणूस नव्हते, घाबरलेले होते. “मॅडम, शिरीषचं साहित्य तुम्ही स्वतःच्या नावानं दिलंत? मला विचारायचं तरी.”

मॅडम हसल्या. त्यांना खरंच गंमत वाटली. “शिरीषचं? अहो, त्यानं टाइप करून दिलंय. सांग ना रे.”

दोघं माझ्याकडे बघत होते. खालच्या दुकानात कोणीतरी पातेलं वाजवून बघत होतं. मला एक वाक्य बोलायचं होतं, चार शब्दांचं. सर, ते मॅडमचं आहे. मी म्हणालो, “सर, आम्ही बरोबरच काम करायचो. नेमकं कोणाचं काय, असं आता सांगता येणार नाही.”

सरळ खोटं बोललो असतो तर त्यांना भांडता तरी आलं असतं.

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मग सरांना म्हणाल्या, “पान दाखवा मला.” सरांनी स्क्रीन वळवली. त्या चष्मा लावून वाचायला लागल्या, एका बोटानं खाली सरकवत. मला वाटलं, स्वतःचं नाव शोधतायत. कॅशेपाशी थांबल्या, बँडविड्थपाशी थांबल्या. मग बोट वर उचलून म्हणाल्या, “हाई काय शे, शिरीष? सुमनचं नाव कुठंय? भाऊसाहेबांचं? एकाचं पण नाही?”

त्यांनी स्क्रीन परत सरांकडे वळवली.

“माझ्याकडे वह्या आहेत,” त्या सरांना म्हणाल्या.

“वही काय, मॅडम, काल बसूनही लिहिता येते. इथे तारीख आहे.”

“मग सुमनला विचारा.”

“कोण सुमन?”

यावर मॅडमनी चष्मा काढून ठेवला. नंतर उठल्या, पर्स घेतली. दारात म्हणाल्या, “नको. तिला पेठहून बस धरून यायला लावू का, मॅडम चोर नाहीत म्हणून सांगायला?”

त्या दिवसानंतर त्या जिना चढल्या नाहीत. संस्थेनं त्यांच्याविना करार केला. बॅचला सांगितलं गेलं, मॅडमच्या गुडघ्याचं दुखणं आहे. पण असल्या गोष्टी जिन्यावरून खाली जातातच. भांडीवाल्यानंही मला विचारलं, “त्या बाईंनी तुमचं उचललं म्हणे?” मी म्हणालो, “जाऊ द्या हो.” ते तीन शब्द मोठ्या मनाचे वाटावेत अशा आवाजात मी म्हणालो, हेही लिहून ठेवतो.

पुढे एकदाच भेटल्या. गंगापूर रोडच्या बसस्टॉपवर, हातात मेथीची जुडी. मी रस्ता ओलांडून पलीकडे जाणार होतो, त्यांनीच हाक मारली.

“शिरीष, बॅकअपचं उदाहरण तू अर्धंच टाकलंयस.”

मला काही कळेना.

“देवळ्याच्या त्या बाईंचं. कांद्याचं सगळं बी एका घरात ठेवायचं नाही, थोडं बहिणीकडे ठेवायचं, इथवर आहे तुझ्या पानावर. पण त्या पुढे म्हणाल्या होत्या, दरसाल बदलायचं. जुनं बी उगवत नाही. ते गाळलंस. लोक एकदा बॅकअप घेतील आणि निवांत बसतील. दुरुस्त कर तेवढं.”

“करतो, मॅडम. आजच करतो. नावंही टाकतो.”

“टाक,” त्या म्हणाल्या. बस आली. चढताना त्यांना दांडा नीट धरता येत नव्हता, मेथी मधे येत होती. मी ती हातातून घेतली नाही.

बॅकअपचं वाक्य मी त्या संध्याकाळी दुरुस्त केलं. नावं नाही टाकली. नावं टाकली असती तर कोणीतरी विचारलं असतं, ही माणसं कोण आणि तुम्हाला कुठे भेटली? त्या एका प्रश्नाला भिऊन मी पुढची दोन वर्षं काढली, आणि त्या गेल्या. मला कळलं ते दहाव्याच्या दिवशी सकाळी. मी पंचवटीत गेलो, गर्दीच्या मागे उभा राहिलो आणि दोन दिवसांनी त्यांच्या घरी गेलो. भाचीनं दार उघडलं.

“तुम्ही?”

“मॅडमबरोबर शिकवायचो. क्लासला.”

तिचा चेहरा बदलला. “त्या क्लासचं नाव काढलं की मावशी उठून आत जायची.”

मी वह्यांचं विचारलं. लांब, पुठ्ठ्याच्या. माझी छापील प्रतही.

“त्या होय? रद्दीत दिल्या परवा. त्यात नुसती नावंच नावं होती हो. आम्हाला वाटलं, जुनी हजेरी.”

घरी येऊन मी सगळं लिहायला बसलो. पानावर मॅडमचं नाव टाकलं, माझं काढलं, काय घडलं ते लिहिलं. मूळ फाइल शोधली तर ती आधीच्या कॉम्प्युटरबरोबर गेलेली. मॅडमनी संस्थेला दिलेली प्रत तिथे कोणी जपली नव्हती, आणि ती टाइप करणारी विद्यार्थिनी सापडली नाही. आठवणीतून रकाना भरायला घेतला. सुमन भोये, पेठ. भाऊसाहेब, चांदवड, त्यांचं आडनावही आठवेना. मंदार दीक्षित, पंचवटी. आणखी चार. शब्द दीडशेच्या वर होते. बोरस्ते सरांना फोन करून खरं सांगितलं. ते म्हणाले, “आता कशाला, शिरीष?” पानावर तर कोणीच काही म्हणालं नाही, कारण तिथे आता कोणी येतच नव्हतं. तोवर ते मजकूर कुठे कुठे गेले होते. कोणी उचलले होते, कोणी चित्रं करून फिरवले होते, कोणाच्या व्हिडिओत होते. माझंही नाव कशावर उरलं नव्हतं.

परवा वर्गात कॅशे शिकवायचा होता. मी फळ्याकडे वळायच्या आत पहिल्या बाकावरच्या बाईंनी फोनला विचारलंही, आणि फोन स्वच्छ, गोड आवाजात सांगू लागला: “समजा, स्वयंपाक करताना तुम्ही लागेल तेवढं मीठ आणि मिरची डब्यात जवळ काढून ठेवता…”

“किती छान सांगतो नाही?” बाई म्हणाल्या.

मी त्यांना विचारायला सांगितलं, हे कोणाचं आहे. त्यांनी विचारलं. फोन म्हणाला, हे सर्वसाधारणपणे दिलं जाणारं उदाहरण आहे.

“पेठच्या सुमन भोये यांचं आहे,” मी म्हणालो. “आम्हाला निकुंभ मॅडमनी जोडून दिलं.” वर्गानं माझ्याकडे जरा दचकून पाहिलं, आणि फोनमध्ये पुढचा शब्द शोधायला घेतला. पुढचा शब्द बॅकअप होता. बी बहिणीकडे ठेवणाऱ्या त्या देवळ्याच्या बाई मला समोर दिसतात, हिरव्या बांगड्या, तिसऱ्या बाकावर, भिंतीकडेला. त्यांचं नाव मी माझ्या हातानं टाइप केलं होतं आणि माझ्याच हातानं काढलं होतं. ते मला आठवत नाही, आणि ज्यांना आठवलं असतं त्या आता नाहीत.