बटणाचं काज

कपडे शिवायच्या त्या दुकानात सगळे त्यांना काजमामा म्हणत. एकतीस वर्षं त्यांनी हातानं काजं केली, आणि आपल्या काजातून बटण कधी आपोआप निसटलं नाही, असं ते स्वतःच सगळ्यांना सांगत. मग दुकानात काजं करायचं मशीन आलं. मामांचं एक काज होईपर्यंत त्याची वीस होत. मामांचा राग त्या वेगावर नव्हता. "काज आधी कापायचं, मग शिवायचं, तर हे आधी शिवतं आणि मग कापतं! ही काय पद्धत झाली?" असं ते येईल त्याला ऐकवत.

मालकीणबाई मनाच्या चांगल्या, पण त्यांनाही दुकान चालवायचं होतं. एका सोमवारी त्या म्हणाल्या, "मामा, मापांच्या वह्या फाटत चालल्यात. सगळं कॉम्प्युटरवर घ्यायचंय. तुम्ही भाचीकडे शिकताय ना? शनिवारपर्यंत करून दाखवा. जमलं तर ते काम तुमचं. नाहीतर..."

खिडकीजवळची आपली खुर्ची जाणार, एवढं मामांना कळलं.

भाची प्रोग्रामिंग शिकवायची. तिनं सांगितलं तसं करत मामांनी स्क्रीनवर एक चौकट उघडली, त्यात नाव, छाती, कंबर, बाही असे रकाने आखले आणि खाली ऐटीत एक बटण बसवलं, 'जतन करा'. दिसायला झकास, पण दाबलं तर ढिम्म. उलट चौकट उघडली रे उघडली की कुणी अक्षर लिहायच्या आत एक कोरं माप जतन होऊन बसायचं. बुधवारपर्यंत मामांनी डोकं खाजवून खाजवून उरलेसुरले केसही पणाला लावले.

"मामा, मी बघू का?" भाचीनं विचारलं.

"हात लावू नकोस. माझं काज मीच उसवणार."

गुरुवारी दुपारी ते दुकानात प्रोग्रामचा छापील कागद घेऊन बसले होते. शेजारी मशीननं खडखड करत काज शिवलं आणि मग मधे सुरी मारली. मामांनी सवयीनं त्याच्याकडे रागानं बघितलं आणि कपाळावर हात मारला. लगेच भाचीला फोन लावला.

"अगं, हे त्या मेल्या मशीनसारखंच झालंय! बटण दाबायचं बाजूलाच, काम आधीच उरकतंय. बटणाला जतनाचं काम नेमून दिलं ना, तिथे कामाच्या नावापुढे मी कंस घातलाय. त्यानंच का?"

भाची हसायलाच लागली. "त्यानंच! कंस घातला की काम आत्ताच्या आत्ता होतं. बटणाला नुसतं नाव द्यायचं, दाबल्यावर ते करून घेईल. पण मामा आणि कंस, जोडी जुनीच आहे हं!"

"चावटपणा पुरे," मामा म्हणाले, पण आवाजात राग नव्हता. संध्याकाळी त्यांनी ती दोन वाकडी चिन्हं पुसली. बटण दाबलं, तेव्हाच माप जतन झालं.

शनिवारी मालकीणबाईंनी एका गिऱ्हाइकाचं माप भरलं आणि बटण दाबलं. 'जतन झालं' अशी ओळ आली. तेवढ्यात बाईंनी यादी उघडली.

"हे काय? वरची अकरा कोरी मापं कुणाची?"

कॉम्प्युटरवर ढकलून देता आलं असतं. मामांच्या मनात तसं आलंही. पण ते म्हणाले, "माझीच. माझ्या चुकीनं बटण दाबायच्या आधीच जतन झालेली."

बाईंनी चष्म्यावरून त्यांच्याकडे बघितलं. "बरं. सोमवारी आल्या आल्या तेवढी पुसून टाका," म्हणाल्या आणि गिऱ्हाइकाकडे वळल्या.

मामांचे डोळे भरून आले. ते खिडकीजवळच्या खुर्चीत जाऊन बसले आणि शेजारच्या मशीनकडे वळून हळूच म्हणाले, "ऐकलंस ना? सोमवारी."