देवांची टँकबॅग

आमच्या घरात देव भाड्याच्या गाडीतून नेत नाहीत. हा नियम कुणी केला, कधी केला, विचारू नका. मी एकदा विचारलं, तर आईनं माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी चपला घालून देवघरात शिरलोय. देव आपल्या वाहनातून न्यायचे, घरच्या पुरुषानं न्यायचे आणि पुढ्यात ठेवून न्यायचे. पाठीवर घ्यायचे नाहीत, कारण मग आपली पाठ देवांकडं होते. पायाशी ठेवायचे नाहीत, हे तर सांगायलाच नको. बाबांनी लग्नानंतर पेटेतल्या, म्हणजे जुन्या बाजारातल्या, खोलीतून यशवंतपूरला देव आणले ते सायकलच्या हँडलला टोपली बांधून. आणि माझ्याकडं आपलं म्हणावं असं वाहन एकच, मोटरसायकल.

बाबा जाऊन सहा वर्षं झाली. आई यशवंतपूरच्या त्याच दोन खोल्यांत एकटी राहत होती, आणि मी, बायको आणि मुलगी हेब्बाळला फ्लॅटमध्ये. "ये आमच्याकडं" म्हटलं की ती "सरी, सरी, बघू" म्हणायची. या कानडी मुलखात जन्म गेलेल्या माणसाचं "सरी", म्हणजे "बरं", हा होकार नसतो, विषय संपवायची रीत असते. मग गेल्या वर्षी ती मोरीत घसरून पडली. हाड मोडलं नाही, पण उठताही येईना. समोरच्या अक्कांना हाक ऐकू जाईपर्यंत तासभर ओल्या फरशीवर बसून होती. मला कळलं संध्याकाळी, तेही अक्कांकडून. त्या दिवसापासून माझी झोप उडाली.

शेवटी महिनाभर डोकं खाल्ल्यावर ती म्हणाली, "येते. पण देव आधी जातील. त्यांचं तिथं नीट बसलं, दिवा लागला, की दुसऱ्या दिवशी मी."

मला वाटलं, जिंकलो. देव ते काय, चांदीचे सात टाक, एक बाळकृष्ण, अन्नपूर्णा, शंख आणि घंटा. पितळी डब्यात तांदळात ठेवायचे आणि निघायचं.

"मित्राची कार घेऊन जा की," बायको म्हणाली.

"मागून आणलेली गाडी आपली कशी होईल गं?" फोनच्या स्पीकरवरून आई म्हणाली. ती नेहमी ऐकत असते.

म्हणून टँकबॅग. पेट्रोलच्या टाकीवर, चालवणाऱ्याच्या पुढ्यात बसणारी बॅग. लांबच्या प्रवासाला निघालेली पोरं लावतात ती. पाठीवर नाही, पायाशी नाही, बरोबर छातीसमोर. ही कल्पना सुचली तेव्हा मी स्वतःवरच इतका खूश झालो की ऑफिसातून परस्पर कोरमंगलाला गेलो. दुकानदार मोठा दाढीवाला, हातावर डोंगर गोंदवलेला. त्यानं अदबीनं विचारलं, "सर, कुठली राइड?"

"यशवंतपूर ते हेब्बाळ," मी म्हणालो.

शहरातल्या शहरात, जेमतेम अर्ध्या तासाची वाट. त्यानं दाढी खाजवली. मग त्यानं चुंबकाची बॅग काढली. "पट्टे-बिट्टे काही नाही सर. ठेवायची, चिकटली."

घरी येऊन ठेवली. चिकटली नाही. पुन्हा ठेवली, सावकाश घसरत माझ्या मांडीवर आली. मी टाकीवर बोटं वाजवून पाहिली, तर टप टप! चार वर्षं जिला मी लोखंडी टाकी समजून दर रविवारी पुसत होतो, तिच्यावर प्लास्टिकचं कव्हर होतं. खरी टाकी आत. म्हणजे चार वर्षं मी प्लास्टिकला चकाकी आणत होतो! वर बायको म्हणाली, "बरं झालं, लग्नाआधी मला वाजवून पाहिलं नाहीस."

बॅग बदलून पट्ट्यांची आणली आणि रविवारी यशवंतपूरला गेलो. आईनं आधी बॅगेचा वास घेतला.

"चामडं नाही ना?"

"नाही गं. कापड आहे."

"आत आधी काही ठेवलं होतंस?"

"कोरी आहे, आई!"

"मग देव कशाला, आधी वरवंटा ने," ती म्हणाली. "वरवंटा पडला तर पडला."

डब्यात तांदूळ, तांदळात टॉवेलात गुंडाळलेला वरवंटा, आणि डबा बॅगेत. मी पट्ट्या आवळल्या आणि गल्लीत निघालो. आई दारात, समोर अक्का. कोपऱ्यावर डावीकडं हँडल वळवलं मात्र, हॉर्न वाजायला लागला. साधासुधा नाही, सलग. मी बोटानं बटण चाचपडतोय तर बोटाखाली बॅग! बॅगेचा कोपरा हॉर्नवर दाबून बसला होता. गल्लीतली दारं उघडली, कुत्री उठली, एक आजोबा अर्धी दाढी करून बाहेर आले. मी घाबरून उजवीकडं वळवलं, तर हॉर्न थांबला आणि इंजिनही थांबलं, कारण त्या बाजूच्या कोपऱ्यानं इंजिन बंद करायचं बटण दाबलं.

गाडी ढकलत परत आलो. आई पदर तोंडाला लावून उभी. "अय्यो, देवच शंख फुंकत निघाले म्हणायचे!"

अक्का इतक्या हसल्या की त्यांना पायरीवर बसावं लागलं. मला राग आला. माझा राग लवकर येतो आणि त्याचा उपयोग काही होत नाही.

कोपऱ्यावरचे मेकॅनिक अण्णा हे सगळं बघत होते. दुसऱ्या रविवारी त्यांनीच हाक मारली. मार्केट यार्डात जाणाऱ्या गाड्यांवर कांद्याची पोती बांधण्यात त्यांचं आयुष्य गेलेलं. बॅगेकडं एकदा बघून म्हणाले, "सर, स्वल्प हिंदे." थोडी मागं घ्या. पुढची पट्टी मी हँडललाच गुंडाळली होती. ती काढून त्यांनी हँडलच्या खाली, गाडीच्या सांगाड्याच्या मानेभोवती घातली, म्हणजे हँडल मोकळं फिरेल. मागच्या दोन पट्ट्या सीट काढून खालच्या सांगाड्याला बांधल्या आणि वर सीट बसवली. लोंबणारी टोकं गुंडाळून रबर लावलं, चाकात जायला नकोत म्हणून. मग हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं. हॉर्न गप्प. शेवटी बॅग धरून हिसका दिला, तर अख्खी गाडी हलली, बॅग जागची नाही.

"अशी पाहिजे," अण्णा म्हणाले. "ओढली बॅग, तर हलायला पाहिजे गाडी."

वरवंटा मत्तिकेरेपर्यंत जाऊन आला. खड्डे, स्पीडब्रेकर, मधेच थांबलेली बस, सगळं झालं. डबा उघडला तर तांदळाचा दाणा सांडला नव्हता. मी तो वरवंटा आईपुढं असा धरला, जणू शाळेत बक्षीस मिळवलंय. शाळेत मला कधी मिळालं नव्हतं.

"पेट्रोलचं झाकण तर बॅगेखाली गेलं," आई म्हणाली. "वाटेत पेट्रोल संपलं तर देव काढून बाजूला ठेवणार?"

"आधीच भरीन."

"बघ बाई," असं कुणाला तरी म्हणून ती आत गेली. त्या दिवशीही देव निघाले नाहीत. अमावास्या होती म्हणे.

तिसऱ्या रविवारी मी टाकी भरून, आंघोळ करून, कोरा शर्ट घालून सकाळीच हजर. हेब्बाळला बायकोनं देवघर पुसून, रांगोळी काढून ठेवली होती. डबा भरला. मी सीट काढून मागच्या पट्ट्या बांधायला लागलो. आई येऊन उभी राहिली.

"या पट्ट्या कुठं जातात?"

"सीटखाली."

"आणि सीटवर?"

"सीटवर मी."

"म्हणजे देवांच्या पट्टीवर तू बसणार?"

माझं डोकंच फिरलं. "हो, बसणार! नाही तर काय उभा राहून चालवू? तुला यायचंच नाही, तर तसं सरळ सांग ना! वास घेतलास, वरवंटा फिरवलास, अमावास्या काढलीस. मी काय मूर्ख आहे? इथं तू पडून राहशील आणि मला कळणारसुद्धा नाही. ते चालतं तुला, पण पट्टीवर बसलेलं चालत नाही!"

अक्का दारातून आत गेल्या, म्हणजे नीट ऐकू येईल अशा आत.

आई पायरीवर बसली. खाली बघत म्हणाली, "यायचंय रे मला. त्या दिवसापासून मोरीत जायचीसुद्धा भीती वाटते."

"मग?"

"देव आज जातील. मी उद्या. मधल्या वेळात त्या रिकाम्या देवघरापुढं मी एकटी काय करू? तुझे बाबा गेल्यापासून मी बोलते ती या देवांशीच. सकाळी उठले सांगते, गुडघा दुखतोय सांगते, भाजीवाल्यानं फसवलं तेही सांगते. त्यांना न्यायला तू बॅग आणलीस की मला धडकीच भरते. मग तोंडाला येईल ते बोलते."

मला रडूच आलं. इतके दिवस मी हॉर्नचं कोडं सोडवत होतो. "मग आधी का नाही बोललीस?"

"पद्धत आहे ना. देव पुढं, माणूस मागनं."

मी गाडीकडं पाहिलं. "मग बस की मागं. देव पुढंच आहेत."

तिनं मागच्या सीटकडं पाहिलं. बाबांच्या सायकलनंतर ती कुठल्याच दुचाकीवर बसली नव्हती. मग एकदम उठली आणि म्हणाली, "आत्ताच चल. थांबलास तर माझं मन फिरेल."

अक्कांनी, काही ऐकलंच नाही अशा चेहऱ्यानं, स्कूटरवरचं आपलं गुलाबी हेल्मेट आणून दिलं. ते अंबाड्यावर बसेना, म्हणून चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाईनं भर गल्लीत अंबाडा सोडून वेणी घातली. "बघू नका सगळे," ती म्हणाली आणि सगळे बघत राहिले. कुलूप तिनं स्वतः लावलं, दोनदा ओढून पाहिलं. मी पट्ट्या बांधून वर सीट बसवली; पट्टीवर कोण बसणार, हे आईनं पुन्हा काढलं नाही. अण्णांनी पायरीशी गाडी धरली, अक्कांनी आईला, आणि ती एका बाजूला पाय सोडून बसली. अण्णांनी जाता जाता बॅगेला एक हिसका दिला. बॅग जागची हलली नाही.

मी गाडी सुरू केली. मागून बारीक आवाज आला.

"मी कुठं धरू रे?"

मी तीन रविवार, दोन बॅगा आणि एक वरवंटा खर्ची घालून बॅगेची एकेक पट्टी बसवली होती. आई कुठं धरेल, याचा एकदाही विचार केला नव्हता. लाज वाटली मला.

"मागं दांडी आहे बघ."

"ती धरली. भीती वाटतेय."

"मग मला धर."

"तुझा काय भरवसा," असं म्हणून तिनं माझा शर्ट पाठीवर मुठीत घट्ट पकडला, आणि हेब्बाळ येईपर्यंत सोडला नाही.