सगळं हाताने केलेलं लग्न

आमच्याकडे चार माणसं जमली की कुणीतरी म्हणतंच, "केतकी, तुझ्या लग्नातलं ते सांग ना." ते म्हणजे कोणतं, हे विचारावं लागतं, कारण असे किस्से पोतंभर आहेत. लग्नात सगळं घरी करायचं ठरवलं की एक वस्तू तयार होते आणि तिच्यामागे दोन किस्से. वस्तू बहुतेक वर्षभरात कचऱ्यात गेल्या, किस्से राहिले. मी ते हसत सांगते, ऐकणारेही हसतात.

आधी कारण सांगते. आम्ही दिल्लीत आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहायचो. बाबा अंडर सेक्रेटरी, आई घरी. निखिलशी माझं लग्न ठरलं त्याच उन्हाळ्यात आईचा आजार निघाला. केमोने तिची बोटं बधिर झाली. हातात काही दिलं तर ते काय आहे हे तिला बघावं लागायचं. डॉक्टरांनी बाबांना बाजूला घेऊन सांगितलं, कार्य उरकून घ्या. लग्न डिसेंबरात आणलं आणि होळीच्या आधी आई गेली.

आईची एकच इच्छा होती, रुखवत आपल्या हातचं असावं. मुलीकडच्यांनी केलेल्या वस्तू लग्नात टेबलावर मांडतात, ते रुखवत. मी म्हटलं, रुखवतच कशाला, सगळंच घरी करू. ऑफिसात मी ऐटीत 'हँडमेड वेडिंग' म्हणायचे. खरं तर मला तिच्याजवळ बसायला निमित्त हवं होतं.

* * *

बाबांनी पहिल्याच दिवशी फाइल उघडली. अगदी टॅग लावून, नोटशीटसकट. 'विषय : कु. केतकी हिचा विवाह – सजावट.' मी पत्रिकांसाठी हातकागद मागितला तर त्यांनी शेरा मारला, 'मागणीचे औचित्य स्पष्ट करावे.' मी खाली लिहिलं, 'एकदाच लग्न करतेय.' दुसऱ्या दिवशी सही आणि तारखेसह उत्तर आलं, 'पाहिले. मान्य.'

आईच्या रिपोर्टांची फाइल त्याच कपाटात असायची. एकदा मी ती उघडली. सगळे कागद तारखेप्रमाणे, जिथे लागेल तिथे चिठ्ठ्या लावलेल्या. वरच्या नोटशीटवर दोनच शब्द होते, 'चर्चा करावी.' कुणाशी, ते लिहिलेलं नव्हतं. मी फाइल होती तशी ठेवून दिली.

* * *

मग कागदाचा मोगरा. पांढऱ्या क्रेप कागदाच्या चाळीस माळा मी आणि आईने मिळून केल्या. म्हणजे मी कापायचे आणि ती नापास करायची. डिंक वाळावा म्हणून माळा बाल्कनीत टांगल्या आणि दोन दिवस विसरले. नोव्हेंबरात दिल्लीच्या धुरकट हवेत जे विसरायचं नसतं तेच नेमकं विसरले. तिसऱ्या दिवशी बघते तर सगळा मोगरा राखाडी!

वरच्या मजल्यावरच्या दर्शन आंटी जिना उतरताना थांबल्या. वीस वर्षांचा शेजार, आमच्या घरातलं एकही कार्य त्यांच्याशिवाय झालेलं नाही. त्यांनी माळ हातात घेऊन नीट बघितली आणि म्हणाल्या, "बेटा, अब ये असली लग रहा है. दिल्ली में पैदा हुआ है ना."

आई पोट धरून हसली. मग तिला खोकला लागला आणि तो थांबेना. माळा आम्ही तशाच लावल्या.

* * *

रुखवतात सुपारीचे नवरानवरी हवेतच. सुपारीला शेला गुंडाळणं मी केलं, चेहरे काढायचा हट्ट आईचा. ब्रश बोटांत धरवेना, म्हणून तो मुठीत धरून तिने डोळे काढले. नवरी बरी झाली. नवऱ्याचा एक डोळा वर गेला, एक गालावर आला.

निखिल त्या रविवारी घरी आला होता. त्याचे वडील लष्करातले, सगळं लहानपण छावणीत गेलेलं, त्यामुळे शिस्तीत उभा राहून त्याने सुपारीचं निरीक्षण केलं. "काकू, मी असा दिसतो?"

"आत्ता नाही," आई म्हणाली, "लग्नानंतर दिसशील."

तो नवरा आता आमच्या शोकेसमध्ये आहे. आई गेली त्या दिवशी निखिल दवाखान्याच्या बाकावर बसला होता आणि खरंच तसा दिसत होता.

* * *

अक्षता हे बाबांचं खातं. फाइलप्रमाणे 'अक्षता तयार करणे – स्वतः; अक्षता वाटप – दर्शन आंटी.' मी हातकागदाच्या दोनशे पुड्या केल्या, प्रत्येकीवर आमची नावं लिहिली. बाबांनी आठ दिवस आधीच तांदूळ कुंकवाच्या पाण्यात चांगले भिजवले, तसेच ओले पुड्यांत भरले आणि खोक्यात बंद केले. वेळेआधी काम केल्याच्या समाधानात ते आठ दिवस वावरत होते.

लग्नाच्या सकाळी हॉलमध्ये खोकं उघडलं. तांदळाचे गोळे झाले होते आणि त्यांना बुरशीची लव आली होती. बाबा त्या खोक्याकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "एवढं एकच तर माझ्याकडे होतं गं." मी त्यांना कधी रडताना बघितलं नव्हतं. तेव्हाही ते रडले नाहीत, फक्त चष्मा पुसत राहिले. स्वयंपाक्याकडून थोडे कोरडे तांदूळ मागून आणले, पण ते सगळ्यांना पुरणार नव्हते.

* * *

आता गव्हले. आईकडे लग्नाला गव्हल्यांची खीर लागतेच. कणकेचे तांदळाएवढे दाणे चिमटीत वळायचे आणि वाळवायचे. सगळा खेळ बोटांच्या टोकांचा, आणि आईला तिथेच काही कळत नव्हतं. मी म्हटलं, हे राहू दे. ती ऐकेना.

महिनाभर रोज दुपारी ती गच्चीवर उन्हात ताट घेऊन बसायची. दाणा निसटायचा, चिरडायचा, कधी वळून झाला तरी ती वळतच राहायची. "बोटांना लागत नाही," म्हणायची, "डोळ्यांनी वळतेय." केशराच्या पाण्याने पिवळसर झालेले, वाकडे, एका टोकाला जाड असे ते दाणे मला पाठ झाले होते. महिनाभरात एक लहान डबा भरला. तो रुखवतात मधोमध, झाकण काढून ठेवायचा आणि लग्नानंतर आम्ही पहिल्यांदा माहेरी आलो की त्याची खीर करायची, असं तिने ठरवलं होतं. "पुन्हा काही माझ्याच्याने होणार नाही," ती म्हणाली. "हे तेवढं खाऊन जा."

लग्नाला मावशी म्हणाली, मुलीच्या आईने मंगलाष्टकांना समोर थांबायचं नसतं, तुळशीजवळ जायचं असतं. आई पुढच्या खुर्चीत बसली होती. "मी इथून हलणार नाही," ती म्हणाली.

अंतरपाट धरला. हातात हार घेऊन मी उभी राहिले. पहिल्या 'सावधान'ला अक्षता पडल्या. दुसऱ्याला पडल्या त्यातला एक दाणा माझ्या मनगटावर येऊन थांबला. पिवळसर, वाकडा, एका टोकाला जाड.

मी मान वळवली. दर्शन आंटी रुखवताच्या टेबलावरचा डबा काखेत धरून पुढच्या रांगेत मूठ मूठ वाटत होत्या. अक्षता संपल्या होत्या, डब्यातले दाणे त्यांना तांदूळच वाटले आणि त्यांनी आपली जबाबदारी निभावली होती. त्या इतक्या खुशीत होत्या की मला ओरडता आलं नाही. त्यांनी आईच्या हातातही मूठभर दिले.

आईने नेहमीप्रमाणे आधी हातात काय आहे ते बघितलं. बराच वेळ बघितलं. मग माझ्याकडे बघितलं.

गुरुजींनी 'सावधान' म्हटलं. आईने सगळी मूठ माझ्या डोक्यावर टाकली आणि दर्शन आंटींपुढे पुन्हा हात पसरला.