साहेबांनी रजा दिली होती

चूक माझी होती. एवढं साधं वाक्य, पण पंधरा वर्षांत ते मी कुणाजवळ उच्चारलं नाही – ना भावाजवळ, ना मित्रांत बसल्यावर, ना जिला ते सगळ्यांत आधी ऐकायचा हक्क होता त्या सुजाताजवळ. सुजाता माझी बायको. माझ्यामुळे तिची नोकरी गेली. नाही – ‘माझ्यामुळे’ हा फार मवाळ शब्द झाला. मी ती घालवली. कशी, ते सांगतो. अडखळेन, पण सांगतो.

आम्ही घाटकोपरला राहतो. तेव्हा सुजाता मुलुंडच्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये होती. रक्ताची स्लाइड मायक्रोस्कोपखाली ठेवली की ती आपल्याच गल्लीत फिरावं तशी त्यात फिरायची. लॅब तिच्या हाती द्यायची, असं वरचे लोक बोलू लागले होते. मी अंधेरीला एमआयडीसीत, पंप बनवणाऱ्या कंपनीच्या खरेदी खात्यात.

मग ईरा झाली. बाळंतपणाची रजा तेव्हा तीन महिनेच मिळे. ती संपली की माझी आई चिपळूणहून येऊन राहणार होती. पण आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन लांबलं आणि मधला एक महिना उघडा पडला. पाळणाघरवाल्या काकू सहा महिन्यांच्या आतलं बाळ घेत नव्हत्या. सुजाताची आई हयात नाही. महिनाभर बाळाजवळ कोण बसणार? तुझ्या ऑफिसात रजा मिळते का विचार, असं सुजाता म्हणत होती.

बारशाला आलेल्या प्रत्येक बाईने सुजाताला विचारलं, आता नोकरीचं काय करणार गं? मी तिथेच पेढ्यांचं ताट घेऊन उभा होतो. मला कुणीही विचारलं नाही. आणि खरं सांगू? मला ते बरं वाटलं.

आमच्या खात्याचे प्रमुख डिमेलो साहेब. मरोळ गावठाणातलं जुनं ख्रिस्ती कुटुंब, घरात मराठीच. त्यांनी स्वतःहून मला केबिनमध्ये बोलावलं. नव्या बापांसाठी कंपनीत पंधरा दिवस आहेत, कुणी मागत नाही म्हणून कुणाला माहीत नाही, असं म्हणाले. त्याला माझी साठलेली रजा जोडली की महिना होतो, हा हिशेबही त्यांनीच केला होता. मग ते म्हणाले, “घे रे मिलिंद. माझी पोरं कधी रांगली, ते मी बघितलंच नाय.”

मी म्हणालो, घरी बोलून सांगतो. बाहेर आलो. समोरच्या टेबलावर साळवी बसला होता.

इथे मला थोडं मागे जायला हवं. वर्षभर आधी साळवीला मुलगा झाला, तेव्हा त्याने चारच दिवस सुट्टी घेतली होती. परत आला त्या सकाळी त्याच्या मॉनिटरवर बाळाचं टोपडं घातलेलं होतं आणि कीबोर्डवर दुधाची बाटली. सगळं खातं हसलं. “काय रे साळवी, दूधपण तूच पाजतोस काय?” हे वाक्य पुढे महिनोन्‌महिने चाललं. साळवीही हसायचा. पण त्यानंतर त्याने मुलाचा विषय ऑफिसात कधी काढला नाही.

ते टोपडं कुणी आणलं होतं? मी. घराजवळच्या दुकानातून, मुद्दाम, लेस लावलेलं बघून.

त्या दिवशी केबिनबाहेर मी साळवीकडे पाहिलं, त्याने माझ्याकडे. आणि मला माझाच मॉनिटर दिसला, त्यावर टोपडं चढवलेलं. आणि सिनियरची जागा त्याच वर्षी रिकामी होणार होती... एवढंच होतं ते. टोपड्याची भीती आणि एक खुर्ची. याहून मोठं कारण मी खूप शोधलं, सापडलं नाही.

घरी आलो. सुजाता ईराला खांद्यावर घेऊन थोपटत होती. तिने नुसतं माझ्याकडे बघितलं – विचारलंस? मी बूट काढत म्हणालो, “साहेब नाही म्हणाले.”

ती म्हणाली, मी बोलू का त्यांच्याशी? फोन लावून दे, नीट बोलेन. तेव्हा मी तिच्यावर ओरडलो. “माझीपण घालवायचीय का नोकरी?” मी ‘माझीपण’ म्हणालो, लक्षात येतंय ना? म्हणजे तिची जाणार, हे मी मनात आधीच धरून चाललो होतो. दुसऱ्या दिवशी साहेबांना सांगितलं, घरी सोय झाली, सर.

हॉस्पिटलने रजा वाढवून दिली नाही. सुजाताने राजीनामा दिला. नातेवाईक म्हणाले, बाळासाठी केवढं केलंस गं. ती पुढे ईरा शाळेत जायला लागल्यावर घराजवळच्या कलेक्शन सेंटरवर लागली. आजही तिथेच आहे. लोकांचं रक्त काढते, नळीवर नाव लिहिते, आणि नळी दुसऱ्या कुणीतरी बघायला पाठवून देते. मला सिनियरची जागा मिळाली.

ईराच्या पहिल्या वाढदिवसाला मी ऑफिसातल्या कुणालाच बोलावलं नव्हतं. का, ते तुम्हाला कळलं असेल. पण साहेबांना तारीख आठवत होती. ते केक घेऊन दारात उभे राहिले. सुजाताने त्यांना बसा म्हटलं, पाणी दिलं, आणि घरभर पाहुणे असताना, आवाज न चढवता म्हणाली, “सर, तुम्ही एक महिना दिला असता ना, तर मी आज लॅबमध्ये असते.”

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या हातात फुगा होता, अर्धा फुगवलेला. मी एक वाक्य बोलू शकलो असतो. तोंडाला फुगा लावला आणि फुंकत राहिलो.

ते तिला म्हणाले, “हो. चुकलं माझं.”

खाली सोडायला गेलो. वाटलं, आता बोलतील. गाडीत बसता बसता म्हणाले, केक फ्रीजमध्ये ठेव, क्रीमचा आहे. निवृत्त होईपर्यंत त्यांनी तो विषय काढला नाही. आमच्या घरी मात्र त्यांचं नाव निघालं की सुजाता उठून दुसऱ्या खोलीत जायची. मी तिला जाऊ द्यायचो. इतकी वर्षं.

आता त्या केबिनमध्ये मी बसतो. गेल्या महिन्यात ओंकार नावाचा मुलगा बापाची रजा मागायला आला. बोलताना त्याची नजर सारखी दाराबाहेरच्या टेबलांकडे जात होती. ती नजर मी ओळखतो. मी रजा मंजूर केली, आणि घरी येऊन सुजाताला सांगितलं – कशासाठी? कौतुकच हवं होतं बहुतेक. ती मटार सोलत होती. म्हणाली, “बरं केलंस. तू डिमेलो नाही झालास.”

ते मला गिळता आलं नाही. उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. साहेबांनी बोलावलं ते, टोपडं, खुर्ची, सगळं.

ती मटार सोलत राहिली. शेंगा संपल्यावर एकच विचारलं, “ते केक घेऊन आले, तेव्हा त्यांना कळलं होतं?”

“हो.”

त्यानंतर ती माझ्याशी बोलली नाही. रविवारी सकाळी साडी नेसून दारात उभी राहिली. “मला त्यांची माफी मागायचीय. रिक्षा बघ.”

मरोळला साहेब ओट्यावर बसले होते. बरेच थकलेत. आधी तिला ओळखलं, मग मला, आणि आत कुणालातरी चहा टाकायला सांगितला. सुजाता पुढे झाली. ती बोलायला लागणार, तेवढ्यात मी मध्ये आलो.

म्हणालो, “साहेब, माझा भेकडपणा मी तुमच्या नावावर टाकला, आणि तुम्ही माझ्यासमोर तो घेतलात. सुजाता, त्यांनी रजा दिली होती. मी घेतली नाही, तुझ्याशी खोटं बोललो, आणि तुझी लॅब गेली. चुकलं माझं.”