सेन्योर दुआर्तेंनी ठरवलेली मालकीण

मंगळवार, मे महिन्याचा दुसरा आठवडा, सकाळी दहा. हजर: मी, आमचे हे, धाकटी जाऊ वंदना. गैरहजर: ज्यांच्यासाठी जमलो ते पोर्तुगालचे पाहुणे.

रत्नागिरीजवळचा आमचा आंबा कॅनिंगचा कारखाना गेली अठरा वर्षं मी चालवते, आणि तो यादीवर चालतो. परदेशातली ही पहिलीच ऑर्डर! त्यामुळे यादी कडक: दहाला स्वागत, दहा-पाचला कोकम सरबत, दहा-दहाला कारखाना, सव्वाअकराला करारावर सही. वंदनाला एकच काम होतं. सरबत ठेवायचं आणि आत जायचं.

सेन्योर दुआर्ते उगवले साडेअकराला! सोबत मडगावचा दुभाषी. (यादीप्रमाणे सही होऊन पंधरा मिनिटं झाली होती.)

"चला, आधी कारखाना!" मी कागद हातात घेऊन तयारच होते.

"वहिनी, उन्हातनं आलेत ते. बसू देत ना जरा," वंदना म्हणाली, आणि स्वतःही बसली. ऐसपैस, माझ्या खुर्चीत! वर विचारते काय, "घरी कोण कोण असतं? आई बरी आहे ना?"

दुभाष्याने ते सांगितलं मात्र, सेन्योर खुललेच. आईचे गुडघे, बहिणीचं लग्न, गावाकडची द्राक्षं! मी दारात उभी राहून दर दहा मिनिटांनी घड्याळ दाखवत होते. एक वाजता वंदनाने तिसऱ्यांचं सुकं वाढलं. ते शिंपले बघून गृहस्थांचे डोळे पाणावले.

"त्यांची आई पण शिंपले करते म्हणतात," दुभाषी म्हणाला.

"मग लाजता काय, घ्या आणखी!" वंदनाने आग्रह केला.

जेवण तीनला संपलं. (अठरा वर्षांत माझ्या आईचे गुडघे कुणी विचारले नाहीत!)

कारखान्यात उभ्याउभ्या एक फेरी मारून सेन्योर म्हणाले, "करार मान्य." मी पेन पुढे केलं. त्यांनी ते घेतलं आणि अदबीने वंदनापुढे धरलं!

"अहो, मालकीण मी आहे!"

दुभाषी चाचरला. "बाई, त्यांच्याकडे साहेब पाहुण्याबरोबर बसतो, जेवतो, माणूस ओळखतो आणि शेवटी एकटाच ठरवतो. कागद घेऊन उभी असते ती सेक्रेटरी. मघाशी म्हणत होते, सेक्रेटरी फार चोख आहे, पगार वाढवा तिचा."

आमच्या ह्यांना हसता हसता ठसका लागला. "काय गो, वाढवूया की!"

सही मीच केली. पण महिन्याभरात लिस्बनहून पार्सल आलं. वंदनासाठी आमंत्रण: 'मालकीणबाईंनी जरूर यावं, आई वाट बघते आहे.' आणि सेक्रेटरीसाठी चामड्याच्या बांधणीची एक देखणी वही.

"वहिनी, माझ्या पासपोर्टचा फॉर्म भरलात काय?" वंदना रोज विचारते.

"यादीत आहे गो!" मी सांगते. खोटं नाही ते. वहीची सत्तर पानं भरली, सगळ्या कामांवर बरोबरच्या खुणा झाल्या. पहिल्या पानावरचं पहिलं काम तेवढं राहिलंय.