कांद्याची बराख

पारगावच्या कारखान्याचा ऊस सुरू झाला की आमच्या माळावर तोडकऱ्यांच्या कोप्या पडतात. त्याला गावात अजून पिलेगाचा माळ म्हणतात. प्लेगात सगळं गाव घरं सोडून तिथं झोपड्यांत राहिलं, रान मोकळं म्हणून माणसं वाचली, असं आजेसासरे सांगायचे.

त्याच माळावर गेल्या हिवाळ्यात एका तोडकरणीला टीबी निघाला. कुशीत लहान पोर. सरकारी गोळ्या सुरू झाल्या. नर्सबाईंनी बजावलं, पोरीला जपायचं तर कोपीत वारा खेळता ठेव. मी दूध द्यायला गेले, तर कोपी चहूकडून प्लास्टिकनं बंद आणि आत चुलीचा धूर. माझं डोकंच फिरलं. जीभ तशी माझी तिखटच.

"अगं, दार उघडं ठेवायला काय होतं तुला?"

"वाघ येतो ना, ताई," ती हळूच म्हणाली.

बिबट्याला इकडं वाघच म्हणतात. अंधार पडल्यावर आम्हीसुद्धा ओट्यावर बसत नाही, आणि मी तिला शहाणपण शिकवत होते. फार वाईट वाटलं. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मधे ती चिमुरडी.

परतताना आमच्या बराखीशी पाय थांबले. कांदा साठवायची जागा ती. फटी ठेवून ठोकलेल्या पट्ट्यांच्या भिंती, वर पत्रा, बाहेरून जाळी, दाराला कडी. वारा लागला नाही तर कांदा सडतो, म्हणून हौसेनं बांधलेली. नवा कांदा निघेपर्यंत रिकामीच असते.

सासूबाई म्हणाल्या, "खोकल्याचं माणूस कांद्याच्या जागंत? लोक काय म्हनतील?"

"कांदा सडू नये म्हणून एवढं केलंत. माणूस सडलं तर चालतं व्हय?"

त्या फणकाऱ्यानं आत निघून गेल्या. नवरा-बायको आणि पोर बराखीत राहायला आली, तेव्हा मात्र फटींतून थंडी लागेल म्हणून स्वतःची वाकळ घेऊन गेल्या आणि पोरीला गुंडाळून आल्या.

उन्हाळी कांदा निघाला, तोडही संपली. तिचा खोकला थांबला होता, पोर तपासणीत चांगली निघाली होती. राहिलेल्या गोळ्या गावाकडं मिळायची सोय नर्सबाईंनी लावून दिली. ट्रॅक्टरमध्ये बोचकी चढत होती, तेव्हा मी विचारलं, "गावाकडं घर कसंय गं?"

"पत्र्याची खोली. खिडकी न्हाई."

माझा चेहरा उतरला असावा. तिनंच माझा हात धरला.

"तिकडं वाघ न्हाई, ताई. दार सताड उघडं टाकीन."