कुंदाताई उभ्या राहिल्या असत्या तर

मिरज मी दोनदा सोडलं. पहिल्यांदा सोडलं तेव्हा पोचवायला अख्खी बिल्डिंग खाली उतरली होती. दोघीतिघींनी हातावर दही घातलं, बाबा ड्रायव्हरला घाटात सावकाश जायला पुन्हा पुन्हा सांगत होते, आणि समोरच्या जोशीकाकांनी कॅनडात थंडी असते ही माहिती मला त्या दिवशी चौथ्यांदा दिली. दुसऱ्यांदा सोडलं ते बाबांचे दिवस झाल्यावर, चौदाव्या दिवशी दुपारी. बिल्डिंग जेवून झोपली होती. आई एकटीच जिन्यापर्यंत आली.

आदल्या दिवशी मी तिला विचारलं होतं, "आई, येतेस का माझ्याबरोबर तिकडे?" ती डबे पुसून परत फळीवर लावत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "नको रे. मला तिथे करमायचं नाही. तुमचं तुमचं चाललंय, त्यात मी कुठे येऊ?" मी म्हटलं, "बरं, तुझी मर्जी." एवढंच बोलणं झालं. पाच वर्षं झाली त्याला. पुन्हा मी तो विषय काढला नाही, आणि आईच नको म्हणाली असं सगळ्यांना सांगत राहिलो.

मी मिल्टनला राहतो, टोरोंटोच्या पश्चिमेला. इथली घरं इतकी सारखी आहेत की पहिल्या हिवाळ्यात मी शेजाऱ्याच्या ड्राइव्ह-वेवरचा निम्मा बर्फ फावड्याने उपसला आणि मग मला माझी गाडी पलीकडे दिसली. नोकरी ग्वेल्फला, गुरांच्या खाद्याच्या चाचण्यांचं सॉफ्टवेअर तपासायची. आई फोनवर विचारायची, "मग गाई बघायला मिळतात का?" मी सांगायचो, "नाही गं, त्यांचा डेटा बघतो." ती जरा विचार करून म्हणायची, "दूध तरी चांगलं मिळत असेल." सकाळी अंधारात निघायचं, संध्याकाळी अंधारात परतायचं, मधे दोन्ही बाजूंना पांढरी शेतं. बायको प्राजक्ता बँकेत आहे. मुलगी ईशा दहावीत. तिच्याशी मी मराठीत बोलतो आणि ती मला इंग्रजीत उत्तर देते, त्यामुळे आमच्या घरात भांडणसुद्धा भाषांतर करत करत चालतं.

तुमच्यापैकी जे तिथेच राहिले त्यांना वाटत असेल, हे लोक शनिवार-रविवारी करतात तरी काय. सांगतो. एकमेकांच्या बेसमेंटमध्ये जमून अमेरिकेच्या निवडणुकीची चर्चा करतात. हरलेल्या पक्षाने दुसरा उमेदवार दिला असता तर जिंकले असते की नाही, या एका प्रश्नावर आमच्याकडे कित्येक हिवाळे निघाले आहेत. आमच्यातल्या एकालाही तिथे मत नाही. निम्म्यांना तर इथेही नाही, पीआर आहेत बिचारे, नागरिकत्व अजून मिळायचंय. पण वडापाव हातात आला की प्रत्येक जण उंटावरून शेळ्या हाकायला तयार. प्राजक्ताची आई कधी फोनवर हे ऐकते तेव्हा म्हणते, आत्याबाईला मिशा असत्या तर. मी या चर्चेत बोलत नाही. मला सगळे सुसंस्कृत समजतात. खरं कारण असं की दुसरा उमेदवार दिला असता तर काय झालं असतं, याचं माझं स्वतःचं एक प्रकरण आहे. आणि तिथे उमेदवार मीच ठरवला होता.

ते आमच्या मराठी मंडळाच्या अध्यक्षपदाचं. हसू नका. परदेशात राहणाऱ्याला पंतप्रधान कोण यापेक्षा मंडळाचा अध्यक्ष कोण याचा जास्त फरक पडतो, कारण गणपती कुठे बसणार आणि जेवणात श्रीखंड असणार की नाही, हे तो ठरवतो.

कुंदाताई तेव्हा सदुसष्ट वर्षांच्या. परभणीला मुलींच्या वसतिगृहाच्या रेक्टर होत्या. यजमान गेल्यावर मुलाने इकडे आणलं, नात सांभाळायला. मिल्टनमध्ये आल्यावर तीन महिन्यांत त्यांनी लायब्ररीतली एक खोली मागून घेतली आणि रविवारी सकाळी मुलांचा मराठीचा वर्ग सुरू केला. ईशा त्यांच्यासमोर मराठीत बोलायची. का, ते मला आजही कळलेलं नाही. आमच्याकडच्या कितीतरी सुनांच्या बाळंतपणात डिंकाचे लाडू त्यांनी पोचवले, भारतातून आलेल्या सासवांना डॉक्टरकडे त्यांनी नेलं. गाडी येत नव्हती, पण कोणाला फोन करून कोणाला कामाला लावायचं ते पक्कं माहीत होतं. दोनशे मुलींना शिस्त लावलेली बाई, आमच्यासारखे शेदोनशे इंजिनीअर म्हणजे काय.

मंडळात तोवर कधी मतदान झालंच नव्हतं. रीत अशी होती की ज्याला अध्यक्ष करायचं त्याच्या घरी समितीतले दोघंतिघं संध्याकाळी जायचे. चहा व्हायचा. "यंदा तुम्हीच." "छे छे, मी कुठे." मग चिवडा यायचा. "नाही, तुम्हालाच घ्यावं लागेल." "अहो, दुसरं कोणी बघा ना." आणि कोट अंगात घालता घालता तिसऱ्यांदा विचारलं की तो माणूस म्हणायचा, "बरं, तुम्ही इतकं म्हणताय तर." मग सगळे परत खाली बसायचे. दरवर्षी हेच नाटक, आणि दरवर्षी अध्यक्ष बिनविरोध.

त्या वर्षी निवड समितीवर मी होतो आणि मला या नाटकाचा तिटकारा आला होता. दहा वर्षं इथल्या ऑफिसात काढल्यावर माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं की माणूस नाही म्हणाला की विषय संपला, पुन्हा विचारणं म्हणजे दबाव. मी म्हटलं, आपण जरा प्रोफेशनल होऊ या. एक फॉर्म केला, इच्छुक की इच्छुक नाही, आणि एकेकाला फोन लावत गेलो. पहिलं नाव अर्थातच कुंदाताईंचं.

"ताई, अध्यक्षपदासाठी तुमचं नाव आलंय. तुम्ही उभ्या राहणार का?"

"अरे, मी कुठे आता. तुम्ही तरुणांनी करावं."

"ओके ताई, नो प्रॉब्लेम. आय टोटली रिस्पेक्ट दॅट."

 मग त्या म्हणाल्या, "बरं." मी "इच्छुक नाही" वर टिक केली आणि समीरला फोन लावला. समीर माझा मित्र, इथे मिल्टनला आमच्याच गल्लीतला. तो पहिल्या फटक्यात हो म्हणाला.

नेमकं त्याच वर्षी दुसऱ्या एका गटाने आपला उमेदवार उभा केला आणि मंडळाच्या इतिहासात पहिल्यांदा मतदान झालं. समीर थोडक्यात पडला. नवे अध्यक्ष वाईट नव्हते, उत्साही होते. त्यांना सगळं मोठं हवं होतं. जवळच्या शाळेचा हॉल सोडून कार्यक्रम अर्ध्या तासावरच्या ब्रॅम्प्टनच्या बँक्वेट हॉलमध्ये गेले, स्टेजवर धूर आला, सूत्रसंचालन इंग्रजीत झालं. रविवारचा वर्ग मंडळाच्या नावाने झूमवर गेला आणि दोन महिन्यांत बंद पडला, कारण मुलं कॅमेरा बंद करून झोपायची. शाळेच्या हॉलला कुंदाताई चालत यायच्या. ब्रॅम्प्टनला चालत कसं जाणार? मुलगा-सून शनिवार-रविवारी नातीच्या स्विमिंगच्या मागे. आधी त्या राइड मागायच्या, मग मागायच्या बंद झाल्या. घरातून बाहेर पडणं हळूहळू संपलं. ईशाचं मराठीही संपलं.

आणि मी रोज ग्वेल्फच्या रस्त्यावर मतं मोजायचो. त्या दिवशी हॉलमध्ये बसलेल्या एकेकाचा चेहरा डोळ्यांसमोर आणायचो. याच्या बायकोला लाडू गेले होते. याच्या आईला मोतिबिंदूच्या वेळी कुंदाताईंनी सोबत केली होती. हा समोरच्या गटातला, पण याची जुळी मुलं वर्गात होती, हा कसा विरोधात जाईल? दरवेळी कुंदाताई जिंकायच्या. मग गाडी पार्क करायचो आणि त्या हरलेल्याच असायच्या, न लढता. बैल गेला आणि झोपा केला म्हणतात तसं, मी चार वर्षं गाडीत बसून झोपा बांधत होतो.

या जानेवारीत त्यांच्या मुलाला मीटिंगमुळे जमेना म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरकडे मी त्यांना घेऊन गेलो. येताना बर्फ पडत होता, गाड्या मुंगीच्या पावलांनी चालल्या होत्या. कुंदाताई मांडीवर पर्स धरून खिडकीबाहेर बघत होत्या. परभणीतला त्यांचा आवाज दोन मजले ऐकू जायचा म्हणे. गाडीत मला त्यांना दोनदा "काय म्हणालात?" असं विचारावं लागलं. शेवटी मी धीर केला.

"ताई, एक विचारू? त्या वर्षी तुम्हाला अध्यक्षपदाला उभं राहायचं होतं का?"

"आता काय त्याचं."

"नाही, सांगा ना."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "अरे, तू एकदाच विचारलंस."

 त्याच पुढे म्हणाल्या, "एकदा विचारल्यावर कोणी हो म्हणतं का? लोक काय म्हणतील, टपूनच बसली होती. मला वाटलं, दुसऱ्यांदा विचारशील. मी आपली मनात समितीत कोणकोण घ्यायचं ते ठरवायला लागले होते. आणि तू ते इंग्रजीत काहीतरी बोललास आणि फोन ठेवून दिलास."

"मला वाटलं तुमच्या मताचा मान ठेवावा."

"मान ठेवलास की," त्या म्हणाल्या. त्या रागावल्या नव्हत्या. रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. "पण एक सांगू का, मकरंद? आपल्या सोयीचं असलं की माणसाला समोरच्याचं 'नाही' चटकन ऐकू येतं."

त्यांना दारात सोडून मी घरी आलो आणि गॅरेजमध्ये गाडीतच बसून राहिलो. त्या म्हणाल्या ते खरं होतं. समीर माझा मित्र होता, त्याने मला स्टेजच्या कामात घेतलं असतं, कुंदाताईंनी मला खुर्च्या लावायला सांगितलं असतं. मला त्यांचा नकार हवा होता. आणि मिरजेच्या त्या स्वयंपाकघरात, आईने "नको रे" म्हटल्यावर, मला पहिल्यांदा काय वाटलं होतं तेही तिथे बसल्या बसल्या आठवलं. मला सुटल्यासारखं वाटलं होतं. आईवडिलांसाठी असतो त्या सुपर व्हिसाचे कागद, तिचा इन्शुरन्स, जिन्यावरून तिचं घसरणं, दिवसभर बंद घरात तिचं एकटं बसणं, प्राजक्ताला काय सांगायचं, या सगळ्यातून तिने दोन शब्दांत मला मोकळं केलं होतं. चिवडा येण्याआधीच मी कोट घालून निघालो होतो. पाच वर्षं मी ज्याला आईची मर्जी म्हणत होतो ती माझी होती. हे लिहिताना लाज वाटते. पण तुमच्यापैकी जे माझ्यासारखे इकडे आलेत, त्यांनी स्वतःची आठवण जरा उकरून बघावी.

त्या शनिवारी सकाळी, म्हणजे तिच्या संध्याकाळी, मी आईला फोन केला.

"आई, इकडे ये माझ्याकडे. राहायला."

"नको रे. मला नाही करमायचं तिथे."

"नाही, तू ये. मी कागदपत्रं करतो."

"तुमचं चाललंय ते चालू दे ना. माझं काय अडलंय?"

"आई, मी तिसऱ्यांदा विचारतोय. तुला यायलाच लागेल."

ती हसली. मग नीट, शांतपणे बोलली. "तेव्हा आले असते, मकू. तू निघालास तेव्हा जिन्यात तसं मनात होतं. आता बाबांशिवाय आणि तुझ्याशिवाय राहायची सवय केलीय मी. लई जड गेली ती. आता ती मोडायला लावू नकोस."

 खाली ईशा कोणाशी तरी फोनवर मोठ्याने हसत होती. प्राजक्ताने गाडी गरम करायला लावली होती, ग्रोसरीला जायचं होतं.

"तू येतोस का इकडे?" आईने विचारलं. "कायमचा?"

असं तिने याआधी कधी विचारलं नव्हतं. पहिल्यांदा गेलो तेव्हा नाही, बाबा गेले तेव्हाही नाही. मी म्हणालो, "आता कसं जमणार गं. ईशाची शाळा आहे, प्राजक्ताची नोकरी आहे. या वयात मला तिकडे कोण घेणार?" सगळं खरं होतं. पासपोर्टसुद्धा आता इथला आहे. मिरजेला जायचं तर मी पाहुणाच. हे सगळं मी तिला भराभर सांगत गेलो, आणि सांगता सांगता मला कळत होतं की मी डबे पुसतोय. माझी जीभ कारणं देत होती आणि बाकीचा सगळा मी तिच्या दुसऱ्या प्रश्नाची वाट बघत होतो. नुसतं "नाही, तू येच" एवढं म्हणाली असती तर मी काय केलं असतं, मला माहीत नाही. कदाचित काहीच केलं नसतं. पण तिने म्हणायला हवं होतं.

लोक विचारतात, घर कुठलं तुमचं. मी अजून मिरज सांगतो. घर म्हणजे माझ्या लेखी आता ती जागा, जिथल्या माणसाने आपलं पहिलं 'नाही' खरं धरू नये असं आपल्याला वाटतं.

"बरं," आई म्हणाली. "जपून चालव रे गाडी, बर्फ असेल."